कायदा दारापर्यंत पोहोचला, प्रश्न माजघरात आहे

(एका व्याख्यानाचा संपादित मजकूर)



राजकारण, सार्वजनिक आरोग्य आणि समाजपरिवर्तन या तीन विषयांची चर्चा आपल्याकडे तीन वेगळ्या कप्प्यांत होते. निवडणूक आली की राजकारण, साथ आली की आरोग्य, आणि समाजपरिवर्तन हे बहुधा जयंती-पुण्यतिथीच्या भाषणांसाठी राखून ठेवलेले. परंतु काही प्रश्नांमध्ये हे तिन्ही प्रवाह एकत्र मिळतात. गर्भातच मुलीचा जीव घेण्याचा प्रश्न हा त्यांपैकी एक आहे.

प्रथम आकडे पाहू. निसर्गाच्या नियमानुसार १००० मुलग्यांमागे साधारणपणे ९५० मुली जन्माला येतात. भारतात शून्य ते सहा या वयोगटात हे प्रमाण १९९१ च्या जनगणनेत ९४५ होते. २००१ मध्ये ते ९२७ झाले आणि २०११ मध्ये ९२० च्याही खाली गेले. महाराष्ट्राची घसरण याहून वेगाने झाली. १९९१ मध्ये ९४६, २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात तर दहा वर्षांत हा आकडा ८९४ वरून ८०७ वर आला. एका पिढीत एवढा बदल निसर्ग करीत नाही, तो माणूसच करतो.

हे सारे अज्ञानातून आणि दारिद्र्यातून घडते, असे मानण्याकडे सुशिक्षितांचा कल असतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ऊस, दूध आणि सहकार यांनी संपन्न झालेल्या कोल्हापुरात २००१ मध्ये हे प्रमाण ८३९, तर सांगलीत ८५१ होते. ज्या गडचिरोलीला मागास म्हणून आपण हळहळतो, तेथे मात्र ते साडेनऊशेच्या वर होते. ज्या घरात पैसा आला, मोटार आली, जवळच्या शहरात सोनोग्राफीचे केंद्र आले, त्याच घरातून मुलगी नाहीशी झाली. समृद्धीबरोबर विवेक आपोआप येत नाही, हा या आकड्यांचा पहिला धडा आहे.

आता राज्यसंस्थेकडे वळू. गर्भातील दोष ओळखण्यासाठी आलेले तंत्र १९७० च्या दशकाअखेरीपासून लिंगनिदानासाठी वापरले जाऊ लागले. आज काही शे रुपये खर्च करा आणि उद्याच्या हुंड्याचे लाखो वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे झळकत होत्या. याविरुद्ध १९८६ पासून मुंबईत महिला कार्यकर्त्या आणि आरोग्यक्षेत्रातील मंडळींनी आवाज उठवला. त्यातूनच १९८८ मध्ये महाराष्ट्राने प्रसवपूर्व लिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा केला. संसदेने १९९४ मध्ये देशासाठी कायदा केला आणि तो १९९६ पासून लागू झाला. तरीही अंमलबजावणी कागदावरच राहिली. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली, न्यायालयाने केंद्र व राज्यांना फटकारले आणि २००३ मध्ये सुधारित कायदा लागू झाला. गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही त्याने मनाई केली.

हा कायदा दुबळा नाही. प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद विहित नमुन्यात ठेवावी लागते. दोषी डॉक्टरला पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो आणि त्याचा व्यवसायाचा परवाना पाच वर्षांसाठी जातो. तपासणीची मागणी करणारा पती आणि नातेवाईकही शिक्षेस पात्र ठरतात. गर्भवतीवर मात्र घरच्यांनी सक्ती केली असेच कायदा गृहीत धरतो, तिला गुन्हेगार मानत नाही. सर्वसामान्य नागरिक किंवा संस्था पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात तक्रार करू शकते. ही तरतूद किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

तरीही मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे एका विवाहितेच्या मृत्यूचा तपास करताना एकोणीस भ्रूण पुरलेले सापडले. महाराष्ट्राला कायदा करून तोवर एकोणतीस वर्षे झाली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार जन्मवेळचे लिंगगुणोत्तर २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात देशात ९१९ वरून ९२९ पर्यंत सुधारले, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्याच काळात महाराष्ट्रात ते ९२४ वरून ९१३ वर घसरले. देशाला कायद्याची वाट दाखवणारे राज्य स्वतःच मागे राहिले, ही बाब प्रत्येक विचारी माणसाने मनाला लावून घेण्यासारखी आहे.

असे का व्हावे? कारण कायदा डॉक्टरच्या दारापर्यंत पोहोचतो, मागणी मात्र माजघरात जन्म घेते. सोनोग्राफीच्या केंद्राला टाळे लावता येते. 'वंशाला दिवा हवा' या वाक्याला टाळे लावता येत नाही. ते वाक्य उच्चारणारी व्यक्ती कोणी राक्षस नसते. बहुधा ती घरातील प्रेमळ वडीलधारी मंडळीच असतात. त्यांच्या मनात तीन भीती असतात. मुलीच्या लग्नाचा खर्च कसा पेलणार, म्हातारपणी कोण सांभाळणार आणि अखेरचा अग्नी कोण देणार? या तीन भीतींना उत्तर दिल्याविना कोणतीही घोषणा फळणार नाही.

पहिल्या भीतीचे मूळ हुंड्यात आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे, पण मानपान आणि भेटवस्तू या गोंडस नावांनी हुंडा सुखेनैव चालू आहे. दुसऱ्या भीतीचे उत्तर बऱ्याच अंशी मालमत्तेत आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दिला. पण हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेणे ही आजही रीत मानली जाते. जिला घरात वाटा नाही, तिच्याकडे उतारवयाचा आधार म्हणून पाहायला आईवडील संकोचतात. तिसऱ्या भीतीचे उत्तर आपल्याच समाजातील अनेक मुलींनी दिले आहे. त्यांनी पित्याच्या चितेला अग्नी दिला आणि त्याने धर्माला कोठेही बाध आला नाही.

समाजाची मनोवृत्ती बदलूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी दक्षिण कोरियाचे उदाहरण पाहावे. १९९० मध्ये तेथे १०० मुलींमागे सुमारे ११६ मुलगे जन्मत होते. पुढील दोन दशकांत ते प्रमाण नैसर्गिक पातळीवर आले. तेथेही लिंगनिदानाला बंदी होती. पण त्याबरोबर मुली शिकल्या, नोकरीला लागल्या आणि कुटुंबप्रमुखपद पुरुषाकडेच ठेवणारी कायदेशीर व्यवस्था २००८ मध्ये संपुष्टात आली. मुलगाच हवा, याचे कारण उरले नाही, तेव्हा तपासणीची गरजही उरली नाही.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' अभियानाचा आरंभ २०१५ मध्ये पानिपतहून झाला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये 'लेक लाडकी' योजना आणली. साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा परिषदेने पुढाकार घेऊन 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे दिली. स्वतःचे नावच 'नको असलेली' असे घेऊन ज्या मुली शाळेत हजेरी देत होत्या, त्यांच्या मनावर काय कोरले जात असेल? नाव बदलणे शासनाला जमले. ते नाव ठेवणारे मन बदलणे हे मात्र शासनाचे काम नाही, ते समाजाचे आहे.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्यापुरते काही ठरवावे. लग्नात देणे-घेणे होणार नाही. बहिणीकडे हक्कसोडपत्र मागितले जाणार नाही. नातीच्या जन्माचे पेढे नातवाच्या जन्माइतक्याच आनंदाने वाटले जातील. कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील जन्मनोंदींचे आकडे दर सहा महिन्यांनी मागवावेत आणि ते घसरताना दिसले तर संबंधित अधिकाऱ्याला जाब विचारावा. जे उमेदवार मते मागण्यासाठी दारी येतील, त्यांनाही हाच आकडा विचारावा. रस्ते आणि पाणी यांच्याइतकाच तो मतदाराच्या हक्काचा प्रश्न आहे.

नवरात्रात घरोघरी कुमारिकापूजन होते. पूजेसाठी बोलावलेल्या त्या मुलींची संख्या गावात वर्षागणिक कमी का होते आहे, हे विचारण्याचे धैर्य ज्या घरात असेल, तेथून या परिवर्तनाला आरंभ होईल.