रक्तातील प्रथिने आणि कागदावरचा आकडा



मी युनियनचे काम करणारा माणूस; वैद्यकीची पदवी माझ्यापाशी नाही. परंतु पगाराच्या चिठ्ठीबरोबर रक्ततपासणीचा कागदही कामगार वाचायला आणतात, त्यामुळे हा विषय पुस्तकांतून शिकावा लागला. औषध डॉक्टरांनीच सांगावे. त्यांना काय विचारावे, एवढेच मी सांगणार आहे.

रक्तातील पेशी बाजूला काढल्या की पिवळसर द्रव उरतो. त्यात प्रथिने विरघळलेली असतात. त्यांचे मुख्य गट दोन. अल्ब्युमिन यकृतात तयार होते आणि रक्तातले पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवते. दुसरा गट ग्लोब्युलिनांचा; रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये त्यातच येतात. प्रौढ माणसाच्या १०० मिलिलिटर द्रवात एकूण प्रथिने साधारणतः ६ ते ८ ग्रॅम आणि त्यांपैकी अल्ब्युमिन ३.५ ते ५ ग्रॅम असते. प्रयोगशाळेप्रमाणे या मर्यादा थोड्या बदलतात.

आता एक हिशेब पाहा. एकाचे अल्ब्युमिन ४.५ आणि ग्लोब्युलिन २.५, दुसऱ्याचे नेमके उलट. बेरीज दोघांचीही ७! नुसती बेरीज पाहिली तर दोघेही ठणठणीत. पण दुसऱ्याच्या शरीरात काहीतरी बिघडले आहे. पगाराच्या चिठ्ठीवर आपण मूळ वेतन, भत्ता आणि कपात पाहिल्याशिवाय सही करीत नाही. इथेही तसेच वागावे.

अल्ब्युमिन घटले की लोक म्हणतात, खाणे कमी पडले. कुपोषणात तसे होतेही. पण यकृत निकामी होऊ लागले तर ते कमी तयार होते, मूत्रपिंडे बिघडली तर लघवीवाटे वाहून जाते, आणि जुनाट किंवा मोठ्या आजारातही उतरते. मग पायांवर सूज दिसू लागते. अशा वेळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने प्रथिनांच्या भुकटीचा महागडा डबा आणणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय. मूत्रपिंडाच्या काही रोग्यांना तर प्रथिने मोजूनच घ्यावी लागतात. आधी लघवीची साधी तपासणी करून घ्या. गळती तिथे आहे का, ते कळेल.

एकूण प्रथिने वाढलेली दिसली तर कारण साधेही असू शकते. जुलाबाने किंवा दिवसभर उन्हात कांदा काढताना पाणी न प्यायल्याने अंगातले पाणी आटते आणि आकडा चढतो. ग्लोब्युलिन मात्र क्षयासारख्या जुनाट संसर्गात किंवा यकृताच्या रोगात वाढते. क्वचित मायलोमा नावाच्या कर्करोगात एकाच जातीचे प्रतिद्रव्य बेसुमार तयार होते. ते ओळखण्यासाठी विद्युत्प्रवाहाने प्रथिने वेगळी करतात. स्वीडनचे आर्ने टिसेलियस यांनी ही रीत प्रगत केली. १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याच रीतीने १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिकलसेल आजाराचे मूळ हिमोग्लोबिनात दाखवले. हिमोग्लोबिन हेही प्रथिनच. पण ते लाल पेशींच्या आत असते, म्हणून त्याची तपासणी निराळी. त्यात दोष घडणीचा असतो. आपल्या कळवण तालुक्यात आदिवासी वस्ती मोठी आहे. हा आजार आदिवासी समाजांत विशेष आढळतो, इतरांतही आढळतो. त्याचा वाहक सहसा आजारी नसतो. मात्र आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. म्हणून लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासावे. पण वाहक आहे म्हणून एखाद्या मुलीला नावे ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे.

तेव्हा कागद हाती आला, की डॉक्टरांना विचारा : नेमका कोणता गट बदलला? कशामुळे बदलला असेल? पुढची तपासणी कोणती आणि पुन्हा कधी? प्रश्न विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. रक्त आपले आहे. त्याचा हिशेब समजून घेण्याचा हक्कही आपला आहे.