पाहुणे गेल्यानंतरचं घर

नाताळची सुट्टी संपली, की आमच्या नाशिकच्या घरातून दोन गाड्या भरून माणसं निघतात. मागे उरतो गाद्यांचा ढीग, एकेकटे मोजे, फ्रिजमध्ये अर्धा केक आणि गाजर हलव्याचं पातेलं. पूर्वी हा पसारा मी आठवडाभर तसाच पडू द्यायचे. संक्रांतीच्या आधी आवरलं म्हणजे झालं!

सासूबाईंना काचबिंदू झाला आणि ती चैन संपली. या आजारात नजर बहुधा कडेकडून जाते. समोरचा माणूस दिसतो, पायाशी ठेवलेला पाट दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही; थेंब घालायचे ते उरलेली राखण्यासाठी. त्यामुळे आई आता घरात डोळ्यांपेक्षा हातांनी जास्त वावरतात. पलंगापासून मोरी किती पावलं, हे त्यांच्या पायांना पाठ आहे.

तीन वर्षांपूर्वी दोन जानेवारीच्या रात्री त्या उठल्या. वाटेत स्टूल होतं, नातवंडांनी चार्जिंगसाठी ओढून आणलेलं आणि तिथंच विसरलेलं. मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा कुणालाही दोष न देता त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, माझं घर मला सापडेना."

तेव्हापासून पाहुण्यांची गाडी वळली, की आधी आईंची वाट मोकळी करते. स्टूल, वायरी, दुमडलेली सतरंजी, सगळं तिथल्या तिथे उचलते. गाद्या-रजयांना नंतर निवांत ऊन दाखवता येतं.

मग फ्रिज. हे मात्र अनुभवाने शिकले. काही थेंबांची न उघडलेली बाटली दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. एका सुट्टीत केकला जागा हवी म्हणून कुणीतरी ती बाहेर काढली आणि तीन दिवस ती शेगडीशेजारी राहिली. नवी आणली, दुसरं काय करणार? आता थेंबांना लाल झाकणाचा डबा आहे, आणि त्याला हात लावायचा नाही हे पाहुण्यांना चहाआधी सांगितलं जातं. उघडलेल्या बाटलीवर तारीखही घालते, कारण बहुतेक थेंब उघडल्यावर साधारण महिनाभरच वापरायचे असतात. सुट्टीच्या गोंधळात ती तारीख हमखास विसरते.

स्वयंपाकघराचं दुखणं वेगळं. माझी लेक हौसेने मांडणी 'सुधारून' जाते. सारख्या बरण्या, सारखी झाकणं. दिसतं अगदी मासिकातल्यासारखं. आणि आई चहात मीठ घालतात. लेकीला वाईट वाटेल म्हणून मी फोनवर बोलत नाही, पण मिठाची चिनी मातीची बरणी पुन्हा डाव्या कोपऱ्यात जाते.

सगळं आवरलं, की आई भिंतीला हात लावत घरभर एक फेरी मारतात. मी मागून चालते, बोलत नाही. यंदा पलंग, खुर्ची, माठ, सगळं जागच्या जागी होतं. देव्हाऱ्यापाशी मात्र त्या थांबल्या. काडेपेटी निरांजनाच्या डावीकडे होती. त्यांनी ती चाचपली, उजवीकडे सरकवली आणि म्हणाल्या, "हं, आता चहा ठेव."