दर्यावर्दी वडीलधाऱ्यांसाठी हातची शुभेच्छापत्रे



कोकण किनाऱ्यावरील शाळांच्या हजेरीपटावर ज्या मुलांची नावे असतात, त्यांपैकी कित्येकांच्या घरचा कर्ता पुरुष वर्षाचा बराच काळ पाण्यावर असतो. कोणाचे वडील मासेमारीच्या होडीवर तांडेल, कोणाचे मामा खलाशी, तर कोणाचे काका व्यापारी जहाजावर महिनेच्या महिने परमुलखात. अशा घरांतून आईविषयीची माया मुलाच्या तोंडी सहज येते. वडिलांविषयीची मात्र बहुधा मनातच राहते. वडील निघतात, मूल दारात उभे राहून पाहते आणि काहीच बोलत नाही. हे न बोललेले मुलाच्या हातून कागदावर उतरावे, हा शुभेच्छापत्राच्या पाठाचा खरा हेतू होय. कात्री, खळ आणि रंग ही त्याची साधने.

छापील शुभेच्छापत्राचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १८४३ साली लंडन येथे हेन्री कोल या गृहस्थांनी हॉर्स्ली नामक चित्रकाराकडून नाताळासाठी चित्र काढवून घेतले व त्याची पत्रे छापविली; कारण प्रत्येक स्नेह्यास स्वतंत्र पत्र लिहिण्यास त्यांना सवड नव्हती. छापील पत्र असे सवडीच्या अभावातून जन्मले. हातच्या पत्राचे मोल नेमके याच्या उलट आहे. कोणीतरी आपल्यासाठी वेळ खर्च केला, एवढेच ते सांगते. आणि दूर असलेल्या माणसास तेवढेच पुरेसे असते.

या उपक्रमासाठी वर्षात दोन प्रसंग सोयीचे आहेत. पहिला नारळी पौर्णिमेचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रचलित मासेमारीस बंदी असते. होड्या शाकारलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चालू असते व वडील घरी असतात. दुसरा प्रसंग ५ एप्रिलचा. १९१९ साली या दिवशी सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. त्याच्या स्मरणार्थ १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

कागद हाती देण्यापूर्वी शिक्षकाने वर्ग बंदरावर न्यावा. शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हे, नांगर, उलांडी हे शब्द फळ्यावर लिहून देण्याऐवजी मुलांनी ते जाणत्यांना विचारून आणावेत. गणिताच्या तासाला मान खाली घालून बसणारा तांडेलाचा मुलगा येथे साऱ्या वर्गाचा मार्गदर्शक होतो, आणि शिक्षकानेही त्याच्यापासून दोन शब्द शिकण्यात कमीपणा मानू नये.

चित्रात एक चूक हटकून होते. मुले शीड पुढे फुगवितात आणि त्याच होडीचे निशाण मागे फडकवितात. वारा एकाच वेळी दोन दिशांनी वाहत नाही. ज्या वाऱ्याने शीड फुगते, त्याच वाऱ्याने निशाणही त्याच बाजूस फडकले पाहिजे. ज्याचे आयुष्य वारा ओळखण्यात गेले, त्याच्या नजरेतून ही चूक सुटणार नाही. वडिलांच्या व्यवसायातील बारकावा अचूक उतरविणे हा त्यांच्याविषयीच्या आदराचाच भाग आहे, हे मुलांस समजावून सांगावे.

पुढील तीन नमुने इयत्तेप्रमाणे योजावेत.

पहिला, दिशांचे फूल. तिसरीच्या मुलांसाठी हा सोपा आहे. चौरस कागद दोनदा निम्म्यात आणि मग एकदा कर्णावर दुमडावा. उलगडल्यावर मध्यापासून आठ घड्या दिसतात. त्याच आठ दिशा. होकायंत्राच्या तबकडीप्रमाणे त्या रंगवून उत्तर दिशेस टोक काढावे. भूगोल व भूमिती दोन्ही येथे साधतात.

दुसरा, उभी राहणारी होडी. २४ सें.मी. लांब व १६ सें.मी. रुंद कागद मधोमध दुमडावा. घडीच्या बाजूने, एकमेकांपासून २ सें.मी. अंतरावर, ३ सें.मी. लांबीचे दोन समांतर छेद द्यावेत. कागद उघडून मधली पट्टी आतल्या बाजूस ढकलली, की पायरी तयार होते. तिच्या दर्शनी भागावर होडी चिकटवावी. होडीची उंची ७ सें.मी.हून अधिक नसावी, म्हणजे पत्र मिटल्यावर ती बाहेर डोकावत नाही.

तिसरा, निशाणांचा संदेश. वरच्या वर्गांनी तो करावा. आंतरराष्ट्रीय सागरी संकेतावलीत प्रत्येक रोमन अक्षरास एक निशाण आहे. ‘यू’ व ‘डब्ल्यू’ ही दोन निशाणे एकाखाली एक चढविली, तर ‘आपला प्रवास सुखाचा होवो’ असा अर्थ होतो. ‘यू’चे चार सारखे चौकोन असतात : दोरी डावीकडे धरल्यास वर डावा तांबडा व उजवा पांढरा, खाली डावा पांढरा व उजवा तांबडा. ‘डब्ल्यू’ला बाहेर निळी चौकट, आत पांढरी आणि मध्ये तांबडा चौकोन. रंगीत कागदाचे तुकडे व थोडा दोरा एवढ्यावर हे काम भागते. जहाजावरील माणूस हे पत्र एक अक्षरही न वाचता वाचील.

सामान विकत आणण्याचे कारण नाही. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू आणि गव्हाच्या पिठाची ताजी खळ पुरे. शिंपले मात्र टपालाने जाणाऱ्या पत्रावर लावू नयेत. ते वाटेत फुटतात व पाकीट फाडतात.

मजकुराच्या बाबतीत शिक्षकाने हात आवरावा. फळ्यावर एक सुंदर वाक्य लिहून सर्वांकडून उतरवून घेतले, तर चाळीस पत्रे होतील, पण पत्र लिहिणारा एकच राहील. ‘गाय व्याली’, ‘तुमची छत्री मी वापरतो’, ‘आजीचा खोकला बरा आहे’ अशी मुलाची स्वतःची ओळ, अशुद्ध असली तरी, वडिलांना अधिक हवी असते. शुद्धलेखन वेगळ्या कागदावर तपासावे; पत्रावर तांबडी शाई नको. ज्या वडिलांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी घर, अंगण व घरची माणसे चित्रातच यावीत.

आणखी एक गोष्ट नाजूक आहे. वर्गात एखादे मूल असे असते, की ज्याचे वडील दर्यावरून परतलेच नाहीत. ‘वडिलांसाठी पत्र करा’ ही आज्ञा त्या मुलास सर्वांदेखत एकटे पाडते. म्हणून ‘आपल्या आवडत्या वडीलधाऱ्या पुरुषासाठी’ असेच आरंभापासून सांगावे. आजोबा, मामा, होडी बांधणारे सुतार, तरीवरचे नावाडी, कोणीही चालेल. आणि त्या मुलाने तरीही वडिलांसाठीच पत्र केले, तर शिक्षकाने कारण विचारू नये. इतरांच्या पत्राइतक्याच काळजीने ते घडी घालून त्याच्या हाती द्यावे.

या कामास गुण किंवा क्रमांक देऊ नयेत. त्याची परीक्षा शाळेत होत नसते. वर्षानंतर वडील परत येतात, बॅग उघडतात आणि कपड्यांच्या तळाशी कडा मळलेले ते पत्र मुलाच्या दृष्टीस पडते, तेव्हा निकाल लागतो.