घाटातला पंखा

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा भारदस्त विषय दिला होता. मी तो बदलून घेतला. मी आज पंख्याबद्दल बोलणार आहे. छताच्या पंख्याबद्दल नाही, ट्रकच्या रेडिएटरमागे असतो त्या पंख्याबद्दल. हसू नका. आपली खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे. चढाला लागलेल्या गाड्यांची घरघर ऐकत आपण पाढे पाठ केले. आज या सभागृहातले निदान सहा जण मालवाहतुकीच्या धंद्यात आहेत. त्यांच्यातल्या एकाची मला आज सगळ्यांसमोर माफी मागायची आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अकराला आपल्या ग्रुपवर त्याचा निरोप आला. "तू इंजिनिअर ना? ट्रेलरचा बेल्टवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक बसवायचं म्हणतोय. मिस्त्री म्हणतो डिझेल वाचेल. बसवू का?" मी शिकले इलेक्ट्रॉनिक्स, आणि गेली वीसेक वर्षं सॉफ्टवेअर लिहितेय. इंजिनाला हात लावला तो कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये, तोही परीक्षेपुरता. तरी मी अर्ध्या मिनिटात उत्तर दिलं, "बसव की. पुढे सगळं इलेक्ट्रिकच होणार आहे." खाली एक अंगठाही टाकला.

त्याने बसवला. जानेवारीत दोन इलेक्ट्रिक पंखे लागले. गाडी तेव्हा न्हावा शेवाहून गुजरातच्या सपाट रस्त्यावर धावत होती. ड्रायव्हर खूश, अॅव्हरेज थोडं सुधारलं, मिस्त्रीची वाहवा झाली. मे महिन्यात चाकणचा कंटेनर मिळाला. दुपारी दोनच्या उन्हात गाडी बोरघाटात शिरली आणि निम्म्या चढावर काटा लाल रेषेला गेला. हेड गॅस्केट उडालं. तो खर्च एकवेळ भरून निघतो. पण घाबरलेल्या ड्रायव्हरने रेडिएटरचं झाकण उघडलं आणि उकळतं पाणी त्याच्या दोन्ही हातांवर आलं. तो आता बरा आहे, पुन्हा गाडीवर आहे. आपल्या मित्राने मला एका शब्दाने बोल लावला नाही. ग्रुपवरचा तो अंगठा मात्र अजून तिथेच आहे.

त्यानंतर मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. कागद-पेन्सिल घेऊन बसले. आपल्या विज्ञानाच्या सरांनी नववीत शिकवलेलं तेवढं या गणिताला पुरतं.

समजा मालासकट गाडी ४० टनांची आहे. चढ वीसास एक, म्हणजे वीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. वेग ताशी २० किलोमीटर. म्हणजे दर सेकंदाला ४० टन वजन सुमारे २८ सेंटीमीटर वर उचललं जातं. नुसत्या उचलण्याला सुमारे ११० किलोवॅट लागतात. टायरांचं घर्षण आणि गिअरमधली तूट धरली की इंजिनाला जवळपास १३० किलोवॅट द्यावे लागतात, म्हणजे पावणेदोनशे अश्वशक्ती. डिझेल इंजिन जेवढी ताकद चाकांकडे पाठवतं, ढोबळमानाने त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त उष्णता रेडिएटरच्या पाण्यात सोडतं. म्हणजे सुमारे ७० किलोवॅट. घरातले २ किलोवॅटचे ३५ गीझर एका खोक्यात चालू आहेत असं समजा. ती सगळी उष्णता हवेत टाकायची, आणि हवा आधीच ४० अंशांची.

त्यासाठी दर सेकंदाला किमान दोन किलो हवा रेडिएटरमधून जायला हवी. सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने जाताना समोरचा वारा हे काम बऱ्याच अंशी फुकट करतो. घाटात २० च्या वेगाला तो वारा जवळजवळ नसतोच. म्हणजे जिथे उष्णता सर्वांत जास्त, तिथे वारा सर्वांत कमी. ओझं ओढणाऱ्या गाडीची अडचण ती हीच. गुजरातच्या रस्त्यावर दोन महिने सगळं छान चाललं, कारण तिथे पंख्याची परीक्षाच झाली नव्हती.

आता पंख्याची ताकद पाहू. अशा ट्रकचा बेल्टवरचा मोठा पंखा पूर्ण वेगात १० ते २० किलोवॅट खातो. मित्राच्या गाडीला बसवलेले दोन्ही पंखे मिळून ६०० वॅटचे होते. बरं, मोठे इलेक्ट्रिक पंखे बसवावेत म्हटलं, तर वीज कुठून आणायची? ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची. चालू गाडीत २८ धरा. १२ किलोवॅटसाठी सव्वाचारशे अँपिअरहून जास्त प्रवाह लागेल. गाडीचा अल्टरनेटर देतो शंभरच्या आसपास, त्यातच दिवे, बॅटरी आणि बाकी सगळं. शिवाय ही वीज आकाशातून पडत नाही. तोच बेल्ट अल्टरनेटर फिरवतो, तिथे थोडं गळतं, पंख्याच्या मोटरमध्ये आणखी थोडं गळतं. इंजिनाकडून घेतलेल्या ताकदीतली निम्मीच पात्यांपर्यंत पोचली तरी नवल नाही. बेल्टवरचा पंखा हा वळसा घेत नाही.

आणखी एक गोष्ट मला एका जुन्या मिस्त्रीकाकांनी सांगितली. ती मला पुस्तकातून सुचली नसती. ते म्हणाले, "ताई, चढावर गाडी हळू असते, पण गिअर खालचा, म्हणून इंजिन जोरात असतं." इंजिन जोरात म्हणजे बेल्टवरचा पंखाही जोरात. गाडी रांगत असते तेव्हाच पंखा भरात असतो.

मग डिझेल वाचतं हा दावा खोटा का? तसं नाही. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण ताकद आठपट लागते. त्यामुळे इंजिनाला कायमचा जखडलेला, गरज असो-नसो फिरणारा पंखा खरोखरच डिझेल खातो, आणि सपाट रस्त्यावर तर उगाचच खातो. पण यावरचा उपाय आपल्या बहुतेक ट्रकांत आधीच बसवलेला असतो, आणि मालकांना तो पंख्याच्या मधोमध असलेला एक लोखंडी गोळा एवढाच माहीत असतो. त्याला व्हिस्कस क्लच म्हणतात. आत घट्ट सिलिकॉन तेल असतं. पुढच्या बाजूला दोन धातूंच्या पट्टीची गुंडाळी असते. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की ती पट्टी पिळली जाते, झडप उघडते, तेल खाचांमध्ये शिरतं आणि पंखा बेल्टबरोबर फिरू लागतो. हवा निवली की तेल परत आपल्या कप्प्यात आणि पंखा सैल. वीज नाही, वायर नाही. गरज नसताना पंखा सैल सोडण्यातून जे डिझेल वाचतं, त्यातलं बरंचसं हा क्लच नीट असेल तर असंच वाचतं. मित्राच्या गाडीचा क्लच बिघडून पंखा कायम पकडून बसला होता. क्लच बदलायचा सोडून पंखाच काढला गेला.

इलेक्ट्रिक पंख्यावर अन्याय करायचा नाही. तो इंजिनाच्या वेगावर अवलंबून नसतो. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना तो पूर्ण जोरात फिरू शकतो, इंजिन बंद केल्यावरही थोडा वेळ चालतो, आणि हवा तेवढाच चालवता येतो. म्हणून कारमध्ये तो उत्तम. मोठ्या कामालाही तो चालतो, पण मागे तेवढी वीज हवी. आपल्या रेल्वेच्या जुन्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनात रेडिएटरचा पंखा डिझेल इंजिनाकडूनच, एका विद्युतचुंबकीय क्लचमधून फिरायचा. नंतर आलेल्या डब्ल्यूडीजी-४ मध्ये विजेच्या मोटरचे पंखे आले, कारण तिथे त्यांना वीज पुरवायला वेगळा जनित्र आहे. उद्या ६०० व्होल्टच्या बॅटरीचे ट्रक आले की १२ किलोवॅटला २० अँपिअर पुरतील आणि हा वादच संपेल. आपल्या २४ व्होल्टच्या गाडीत तो संपलेला नाही.

हा वाद सर्वांत जोरात चालतो तो अमेरिकेत. तिथे लोक डिझेल पिकअपच्या मागे घरासारखे ट्रेलर लावून डोंगर चढतात. ओढण्याची क्षमता ठरवायला तिथे एसएई जे २८०७ नावाचं मानक आहे. त्यातली एक परीक्षा अॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. अंतर ११.४ मैल, म्हणजे सुमारे १८ किलोमीटर. हवा किमान ३८ अंशांची, एसी पूर्ण चालू, मागे पूर्ण भार, आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. अनेक हलक्या पेट्रोल गाड्यांत तिथे इलेक्ट्रिक पंखे आले आहेत. पण फोर्ड सुपर ड्यूटी किंवा रॅमच्या जड डिझेल पिकअपमध्ये पंखा अजून बेल्टवरचाच आहे. फक्त त्याचा क्लच आता संगणकाच्या हुकमाने चालतो. पाण्याचं तापमान, एसीचा दाब, इंजिनावरचा भार पाहून संगणक ठरवतो की तेल किती सोडायचं. ताकद बेल्टची आणि अक्कल सॉफ्टवेअरची. मी त्या रात्री दोन्ही कामं विजेला देऊन मोकळी झाले होते.

यात मला माझ्या धंद्याचाही एक धडा मिळाला. अशा अनेक क्लचांची रचना अशी असते की वायर तुटली, सिग्नल गेला, तर पंखा बंद पडत नाही, उलट पूर्ण जोडला जातो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या काही क्लचांत स्प्रिंग पंखा जोडते आणि हवा तो सोडवते. हवा गळली तरी पंखा फिरतो. डिझेल थोडं जास्त जाईल, पण घाटात माणूस अडकणार नाही. मित्राच्या गाडीत मात्र एक फ्यूज उडाला असता तरी सगळं थांबलं असतं. आता मी कोणताही प्रोग्रॅम लिहिताना आधी विचारते, हे बिघडलं तर कुठल्या बाजूला बिघडेल?

गाड्यांवाल्या माझ्या मित्रांनो, पुढची वर्षं सोपी नाहीत. २०२० पासूनच्या अनेक बीएस-६ इंजिनांत धुराचा काही भाग थंड करून परत आत घेतात, त्याची उष्णताही बहुधा पाण्यातच येते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा आहे. ड्रायव्हरसाठी ती फार चांगली गोष्ट आहे, पण एसीचा कंडेन्सर बहुधा रेडिएटरच्या पुढेच बसतो आणि त्याला गरम हवा देतो. पंख्याचं काम वाढतंय.

म्हणून पंखा बदलण्याआधी एवढं पाहा. क्लचवर तेलाचे काळे ओघळ आहेत का? इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवला तर हलका विरोध जाणवतो का? चढावर इंजिन तापल्यावर पंख्याचा घोंगावणारा आवाज येतो का? रेडिएटरच्या जाळीत माती आणि किडे अडकलेत का? पंख्याभोवतीचं कवच तुटलंय का? आणि ड्रायव्हरला सांगा, काटा चढला तर एसी बंद करायचा, खालच्या गिअरमध्ये सुरक्षित जागी गाडी घ्यायची. पाणी सांडत नसेल तर इंजिन लगेच बंद करू नये, थोडं रेस देऊन चालू ठेवावं, म्हणजे पंखा आणि पाण्याचा पंप चालू राहतात. आणि झाकणाला हात लावायचा नाही. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, झाकण उघडलं की त्याच क्षणी उसळतं. हे वाक्य केबिनमध्ये लिहून लावा.

आणि तू, मागच्या बाकावर बसला आहेस, शाळेत बसायचास तसाच. चुकलं माझं. तू इंजिनिअर समजून विचारलंस आणि मी हिशेब न करता उत्तर दिलं. तुझ्या ड्रायव्हरदादांना मी भेटून आले, त्यांनी चहा पाजला आणि हातावरचे डाग दाखवले. पुढच्या वेळी काही विचारलंस तर उत्तराला दोन दिवस लागतील. 'मला माहीत नाही, विचारून सांगते' असंही येईल. तेवढं चालवून घे.