रिमांडची पाच मिनिटं

(पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी वकील का झालो ते आधी सांगतो, कारण आजचा विषय तिथूनच सुरू होतो. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. माझे चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, त्यांना तांब्याच्या तारेच्या चोरीत संशयावरून उचललं. घरात कागद वाचता येणारा मी एकटाच, म्हणून मला कोर्टात पाठवलं. अण्णांच्या दोन्ही बाजूंना पोलीस उभे होते. मॅजिस्ट्रेट साहेबांनी फाईलमधून मान वर न काढता विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" अण्णा म्हणाले, "नाही साहेब." सही झाली, कोठडी मिळाली. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाहेर पाणी द्यायला गेलो तर अण्णांना ग्लास धरता येईना. दोन्ही तळहात सुजलेले होते.

कायदा शिकल्यावर मला कळलं, की त्या पाच मिनिटांत साहेबांनी त्यांचं काम केलंच नव्हतं.

हे काम संविधानात कसं आलं ते बघा. मसुद्यातल्या अनुच्छेद १५ मध्ये 'कायद्याने ठरवलेली पद्धत' एवढेच शब्द होते. म्हणजे संसद जो कायदा करेल, त्याप्रमाणे माणसाला आत टाकता आलं असतं. त्यावर बरीच टीका झाली. तेव्हा १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत अनुच्छेद १५-अ मांडला. तोच आजचा अनुच्छेद २२. अटकेचं कारण सांगा, वकील भेटू द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करा. यातल्या बऱ्याच गोष्टी फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होत्या. मग संविधानात कशाला? कारण साधा कायदा विधिमंडळ बदलू शकतं. मूलभूत हक्क झाला की तो सहज काढून घेता येत नाही, हे बाबासाहेबांनी तिथेच स्पष्ट केलं. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला मात्र हे संरक्षण मिळालं नाही. ती उणीव आजही आहे.

आता मॅजिस्ट्रेटच का? पकडणारा आणि पकडणं बरोबर की चूक हे ठरवणारा, एकच माणूस नको म्हणून. इंग्रजांच्या काळात जिल्ह्याचा कलेक्टरच जिल्हा मॅजिस्ट्रेट असे, आणि पोलिसांवर देखरेखही त्याचीच. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करारही हेच सांगतो. भारताने तो १९७९ मध्ये स्वीकारला. त्याच्या अनुच्छेद ९ प्रमाणे अटक झालेल्याला तातडीने न्यायाधीशापुढे नेलं पाहिजे. हंगेरीत एका माणसाची कोठडी सरकारी वकीलच वाढवत राहिला. १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने सांगितलं, की खटला चालवणारा पक्ष निःपक्षपाती असूच शकत नाही. 'तातडीने' म्हणजे साधारण ४८ तास, असं याच समितीने २०१४ मध्ये म्हटलं. आपले २४ तास त्याहून कडक आहेत. म्हणजे कागदावर आपण पुढे आहोत.

पण अण्णांसमोर बसलेले साहेब काही पोलीस नव्हते. ते न्यायाधीशच होते, तरीही देखरेख झाली नाही. म्हणून मी म्हणतो, खुर्ची वेगळी असणं पुरेसं नाही, खुर्चीतल्या माणसाने विचारलं पाहिजे. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का गरजेची होती, याची कारणं मॅजिस्ट्रेटने तपासली पाहिजेत. कारणं न नोंदवता कोठडी दिली तर उच्च न्यायालय खात्यांतर्गत कारवाई करू शकतं.

दुसरी अडचण जामिनाची. अण्णांना जामीन लवकर मंजूर झाला, पण सातबारा असलेला जामीनदार हवा होता. आमच्या भावकीत सातबारा कुणाच्याच नावावर नाही. त्यापायी अण्णा सात महिने आत राहिले. मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गवंड्याचंही असंच झालं होतं. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भाऊ नाकारला. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याला हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडलं. ज्या देशात जमीन जातीप्रमाणे वाटली गेली, तिथे जमीन मागणं म्हणजे जात विचारणंच आहे.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. त्यांत आपली माणसं किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण रिमांड अर्जात 'सराईत' हा शब्द आजही सहज लिहिला जातो. तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये सांगावं लागलं.

तुम्ही काय करायचं? वस्तीतलं कुणी उचललं तर कोर्टात जा. पाच गोष्टी वकिलाला विचारायला लावा. अटकेची खरी वेळ कोणती? कारणं लेखी, समजेल अशा भाषेत दिली का? वैद्यकीय तपासणी झाली का, अंगावर जखम आहे का? कोठडी नेमकी कशासाठी हवी? आणि साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं का? नसेल आलं, तर जामीन हा हक्क आहे, मात्र त्यासाठी अर्ज लगेच करावा लागतो. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो.

अण्णा पुढे निर्दोष सुटले. मी एकदा त्यांना विचारलं, "त्या दिवशी तक्रार नाही असं का म्हणालात?" ते म्हणाले, "मागे ते उभे होते. तुला तर तेव्हा दारातच थांबवलं होतं."

आता तुमच्यापैकी कुणी दारात थांबू नका. आत जा, आपल्या माणसाला दिसेल असं उभं राहा.

जय भीम, जय संविधान.