पायरी आणि उतार
(प्रौढ साक्षरता वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आज आपल्या वर्गाचा शेवटचा दिवस. चार महिने तुम्ही दिवसाची कामे उरकून रात्री इथे येत होतात. कुणी शेतावरून येई, कुणी वीटभट्टीवरून, कुणी लेकरू निजवून. आता तुम्हांला वाचता येते. चार ओळी लिहिता येतात. अंगठा उठवणारे हात सही करू लागले. आम्हांला फार समाधान वाटते.

पण लिहायला आले, आता पुढे काय लिहायचे? हे ठरवले नाही, तर शिकलेली अक्षरे विसरायला वेळ लागत नाही. विळा वापरला नाही तर गंज धरतो, तसेच आहे हे. म्हणून आम्ही आज तुम्हांला एक अर्ज लिहायला सांगणार आहोत. पण आधी एक गोष्ट ऐका. गोष्ट आमच्याच चुकीची आहे.

१९९६ सालचा जून महिना. आम्ही नुकतेच एका शाळेचे मुख्याध्यापक झालो होतो. शाळा सातवीपर्यंत. पहिली ते चौथीचे वर्ग खाली आणि पाचवी ते सातवीचे माडीवर. एके दिवशी एक बाप आपल्या मुलाला पाठीवर घेऊन आला. मुलाला लहानपणी पोलिओ झाला होता. दोन्ही पाय लुळे. पण पोर मोठे हुशार. तीसपर्यंतचे पाढे त्याला तोंडपाठ. चौथीपर्यंत तो खालीच बसून शिकला होता. आता त्याचा वर्ग वर गेला.

बाप म्हणाला, "गुरुजी, सकाळी मी वर नेऊन बसवीन. संध्याकाळी घेऊन जाईन. पण दुपारी लघवीला खाली कोण आणील त्याला?"

आम्ही काय सांगितले? आम्ही म्हणालो, "एका मुलासाठी सगळा वर्ग खाली आणता येत नाही. घरीच अभ्यास करू द्या. परीक्षेला घेऊन या."

"बरं," म्हणून बाप निघून गेला. परीक्षेला ते आले नाहीत. आम्हीही चौकशीला गेलो नाही. पटावरून नाव कमी झाले आणि आम्ही ते विसरून गेलो.

तो मुलगा आज चाळिशीला आला आहे. चौकात सायकलींची पंक्चर काढतो. आणि गेल्या वर्षी त्याची आई आपल्या याच वर्गात शिकायला आली. नाव घालताना तिने आम्हांला ओळखले. पंधरा दिवस काही बोलली नाही. मग एका रात्री वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, "गुरुजी, एक विचारू का? माडीवरची बाकं खाली आणायला किती वेळ लागला असता?"

आम्ही मनात हिशेब केला. बाके बारा होती. सातवीची मुले दांडगी होती. "अर्धा तास," आम्ही म्हणालो.

ती बाई रागावली नाही. "मलाबी तसंच वाटलं व्हतं," एवढेच म्हणाली आणि पाटी घेऊन घरी गेली. आम्हांला त्या रात्री झोप आली नाही.

मंडळी, त्या पोराची शाळा पोलिओने बंद केली नाही. पाय लुळे असताना तो चार वर्षे शिकलाच होता. त्याची शाळा जिन्याने बंद केली, आणि जिन्याच्या वर बसलेल्या मुख्याध्यापकाने बंद केली. अपंगत्व माणसाच्या अंगात असते हे अर्धेच खरे. उरलेले अर्धे आपण बांधलेल्या पायऱ्यांत असते, अरुंद दारांत असते, आणि आपल्या "जमणार नाही" या शब्दांत असते.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार उशिरा कळली. आम्ही त्या मुलाला परत पाठवले, त्याच्या चारच महिने आधी, ७ फेब्रुवारी १९९६ रोजी, देशात अपंगांच्या हक्कांचा कायदा लागू झाला होता. अपंग मुलाला अठरा वर्षांचे होईपर्यंत योग्य वातावरणात फुकट शिक्षण मिळाले पाहिजे, असे त्यात लिहिले होते. कायदा होता. मुख्याध्यापकाला ठाऊक नव्हता. बापाला वाचता येत नव्हते. मग त्या कायद्याचा उपयोग कुणाला?

आता हा कायदा झाला कसा, ते ऐका. सरकारने तो आपण होऊन दिला नाही. १९९५ च्या डिसेंबरात दिल्लीत अपंग माणसे रस्त्यावर उतरली. कुणी चाकांच्या खुर्चीत, कुणी कुबड्या घेऊन. थंडीचे दिवस होते. त्यांच्या पुढाऱ्यांत जावेद अबिदी नावाचा एक तरुण होता. तो स्वतः चाकांच्या खुर्चीत बसे. "संसदेचे हे अधिवेशन संपायच्या आत कायदा करा," अशी त्यांची मागणी. आणि त्याच अधिवेशनात कायदा मंजूर झाला.

पुढे जनगणना आली. १९९१ च्या जनगणनेत अपंगांची मोजणीच झाली नव्हती. ज्यांची मोजणी नाही, त्यांच्यासाठी पैसा कोण ठेवणार? घरात पाने किती वाढायची ते माणसे मोजूनच ठरवतात ना? म्हणून याच लोकांनी पुन्हा झगडून २००१ च्या जनगणनेत अपंगांविषयीचा प्रश्न घालायला लावला. मोजले तर देशात २ कोटी १९ लाख माणसे निघाली. २०११ साली २ कोटी ६८ लाख. त्यांपैकी आपल्या महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. "गावात असली माणसं आहेत किती?" असे विचारणाऱ्याला हा आकडा सांगा.

२०१६ साली जुना कायदा जाऊन नवा, मोठा कायदा आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्यात एकवीस आहेत. सरकारी नोकरीतल्या राखीव जागा ३ टक्क्यांच्या ४ टक्के झाल्या. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांना जाण्यायेण्याजोग्या करा, असे त्यात सांगितले. नियम २०१७ साली झाले. पाच वर्षांची मुदत २०२२ साली संपली. मध्यंतरी शब्दही बदलला. अपंगांना दिव्यांग म्हणू लागले. २०२२ साली महाराष्ट्र सरकारने दिव्यांगांसाठी वेगळे खातेही काढले. हे चांगलेच झाले. पण शब्द बदलला म्हणून पायरी काही खाली येत नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयालाही सांगावे लागले, की सोयींचे नियम नुसते सल्ल्यासारखे ठेवू नका, सक्तीचे करा. राजीव रतुरी नावाच्या एका अंध गृहस्थांनी हा दावा २००५ साली लावला होता. म्हणजे एकोणीस वर्षे ते मागतच होते.

आता आपल्या गावाकडे पाहा. शाळेला उतार आहे. आहे ना? परवा आम्ही टेप घेऊन मोजला. शाळेचे जोते दीड फूट उंच. चाकांची खुर्ची सुखाने चढायची, तर एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार हवा. म्हणजे इथे अठरा फूट लांब पाहिजे. ठेकेदाराने केला आहे चार फूट. हा उतार नव्हे, ही घसरगुंडी झाली. मुले तिच्यावर घसरतात म्हणून ती गुळगुळीतही झाली आहे. बाजूला धरायला कठडा नाही. वर दाराशी पुन्हा चार बोटांचा उंबरा. कागदावर मात्र "उतार केला" अशी नोंद आहे आणि बिलही निघाले आहे.

दुसरी गोष्ट दाखल्याची. दिव्यांगाचा दाखला असल्याशिवाय कोणतीही सवलत मिळत नाही. त्या बाईचा मुलगा दाखल्यासाठी जिल्ह्याच्या गावी तीनदा गेला. एस.टी.त चढायला माणूस बरोबर लागतो. म्हणजे एका फेरीला दोघांचा रोज बुडतो. एकदा कागद कमी पडला, एकदा डॉक्टर रजेवर होते. तिसऱ्या खेपेस काम झाले. ज्याला चालता येत नाही, त्यालाच आपण जास्तीत जास्त चालायला लावतो, हा कुठला न्याय?

तिसरी गोष्ट अनुदानाची. संजय गांधी निराधार योजना १९८० साली सुरू झाली. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने दिव्यांगांचे अनुदान महिना १,५०० रुपयांवरून २,५०० करण्याचे ठरवले. त्याबद्दल आम्ही सरकारचे आभारच मानतो. पण आमच्या स्वतःच्या पेन्शनीचे बघा. महागाई वाढली की आमचा भत्ता वाढतो. आम्हांला त्यासाठी उपोषण करावे लागत नाही, तसा नियमच आहे. तेल महाग होते ते काय फक्त निवृत्त मुख्याध्यापकाच्या घरी? पंक्चर काढणाऱ्याच्या चुलीलाही तेच तेल लागते.

तेव्हा आमचे म्हणणे तीन गोष्टींत आहे. सरकारने नियम करावेत ते असे.

एक. शाळा, दवाखाना, पंचायत यांच्या बांधकामाचे शेवटचे बिल निघण्यापूर्वी गावातल्या एका दिव्यांगाने तो उतार चढून पाहावा. त्याची सही किंवा अंगठा असेल, तरच बिल निघावे. नियम पाळल्याशिवाय इमारत पूर्ण झाल्याचा दाखला देऊ नये, असे २०१६ च्या कायद्यात आहेच. गावापर्यंत ते पोचवायचे, एवढेच.

दोन. दाखल्यासाठी डॉक्टरांनी ठरलेल्या दिवशी तालुक्याला यावे. बिछान्याला खिळलेल्या माणसाच्या घरी जावे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्यांचे मत घरी येऊन घेतले गेले. मत न्यायला सरकार दाराशी येते, तर दाखला द्यायला का येऊ नये?

तीन. अनुदान दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेस मिळावे आणि महागाईबरोबर नियमाने वाढावे.

कुणी म्हणेल, "गुरुजी, सरकारजवळ पैसा कुठे आहे?" त्याला सांगावे, की जोते बांधतानाच उतार बांधला तर फारसा खर्च येत नाही. फोडून पुन्हा बांधायला मात्र येतो. पंचायतीने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असाही सरकारचा आदेश आहे. पूर्वी ते ३ टक्के होते. ते पैसे कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत विचारा. विचारणे हा गुन्हा नाही.

आणखी कुणी म्हणेल, "आम्ही दानधर्म करतोच की." करता हे खरे. शनिवारी देवळापुढे बसलेल्याच्या वाटीत रुपया टाकता. पण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्काला मर्जी लागत नाही. त्या मुलाला रुपया नको होता. त्याला पाचवीत बसायचे होते.

आता अर्ज कसा लिहायचा ते सांगतो. वर तारीख घाला. कुणाला लिहिता ते लिहा. मग आपले म्हणणे थोडक्यात. शिव्या नकोत, रडगाणे नको. "शाळेचा उतार चार फूट आहे, अठरा फूट हवा" असे मोजून लिहा. मोजलेल्या गोष्टीला कुणी खोटे म्हणू शकत नाही. किती दिवसांत उत्तर हवे तेही लिहा. खाली सह्या करा. दोन प्रती करा, आणि एका प्रतीवर पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका! ग्रामसभेत ठराव करून घ्या आणि त्याची नक्कल जोडा. गावात दाद लागली नाही, तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांची कचेरी आहे. तिकडे पाठवा.

आणि एक काम घरातले. पुढची जनगणना २०२७ ची, असे सरकारने जाहीर केले आहे. मोजणारा दाराशी येईल, तेव्हा आतल्या खोलीतले माणूस लपवू नका. लाज कसली त्यात? २०११ च्या फॉर्मात आठच प्रकार होते. कायद्यात एकवीस आहेत. सगळे प्रकार मोजा, हेही आपल्या अर्जात लिहू या.

त्या बाईने पहिला अर्ज तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हाताने लिहिला. शाळेच्या उताराचा. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या. आम्ही दुरुस्त करू लागलो तर म्हणाली, "राहू द्या गुरुजी, माझंच राहू द्या." आम्ही लाल पेन्सिल खिशात ठेवली. अर्जाची पोच मिळाली आहे. उत्तर अजून आलेले नाही. उतार आहे तसाच आहे.

म्हणून उद्या दुसरा अर्ज जायचा आहे. त्या अर्जावर तिची सही आहे, आमची आहे. खाली जागा मोकळी ठेवली आहे. समोरच्या टेबलावर कागद आहे, दौत-टाक नाही, पण पेन आहे. नाव नीट, ठसठशीत लिहा. आणि जाताना जोत्यावरून जरा जपून उतरा. कठडा नाही.