टिकलीखालचा पांढरा डाग

भालकी, औराद, बसवकल्याण, तिकडे आळंद. आपल्या या पट्ट्यात एखाद्या मुलीच्या कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका दिसला, की घरात कुजबुज सुरू होते, 'कोड आलं की काय?' सोयरीक मोडू नये म्हणून मग तो झाकायचा आणि वरून उजळ करणारं क्रीम चोळायचं.

आधी डाग नीट पाहा. टिकलीएवढाच आहे का? पायावर असेल तर चपलेच्या पट्ट्याखालीच आहे का? टिकलीच्या गोंदात आणि रबरी चपलेत कधी कधी फिनॉल जातीची रसायनं असतात. कातडीला रंग देणारी पेशी त्यांना आपला नेहमीचा कच्चा माल समजून आत घेते आणि मरते. टिकली बदलली तर पुष्कळांचा रंग हळूहळू परततो. काहींचे डाग मात्र पसरतात. कोड असो वा हा डाग, शिवल्यानं लागत नाही. महारोगाशी त्याचा काही संबंध नाही, हे सोयरे मंडळींनीही ऐकावं.

आता क्रीमचं. जपानमध्ये कानेबो या नामांकित कंपनीला 2013 साली रोडोडेंड्रॉल नावाचं, फिनॉल जातीचंच रसायन घातलेली उजळ करणारी क्रीमं परत मागवावी लागली. 19,000 हून अधिक लोकांच्या अंगावर पांढरे डाग उठले होते. गोरेपणासाठी पैसे मोजले आणि मिळालं ते हे!

आपल्याकडे दुखणं वेगळं. मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. आठवडाभर चेहरा खुलतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, कुठे फिकट पडते. ट्यूब सोडली की आग होते, म्हणून मुलगी पुन्हा तीच आणते. 2018 पासून अशा अनेक क्रीमांना डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे. चिठ्ठी मागणारं दुकान तुम्हाला भेटलं असेल, तर तुम्ही नशीबवान!

बिनलेबलच्या डबीचा धोका याहून मोठा. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींनी एकच क्रीम लावलं आणि तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, क्रीममध्ये पारा निघाला. ही बातमी 2023 च्या सुरुवातीची.

तेव्हा बिदरच्या ब्रिम्स रुग्णालयात जा, कलबुर्गीच्या जिम्स रुग्णालयात जा, नाहीतर जवळ पडत असेल तर उदगीर-लातूरला. पण कातडीच्या डॉक्टरांकडे जाताना ती ट्यूब, डबी, टिकलीचं पाकीट, सगळं पिशवीत घाला. रिकामी ट्यूबसुद्धा चालेल.